ट्रेलर ओढायला पिकअपचे टायर: एलटी (लाइट ट्रकचे) घ्यावेत की आहेत तसलेच?

घाटउतार (ऑरोरा, कोलोरॅडो) | १२ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथे गाड्यांचे धागे पुष्कळ आहेत, पण बहुतेक "कुठली घेऊ?" छापाचे. माझी घेऊन झाली आहे, आता टायर घ्यायचेत.

गाडी २०१९ ची फोर्ड एफ-१५० पिकअप, चार दारांची, फोर बाय फोर, ३.५ लिटर इकोबूस्ट. ६१,००० मैल झालेत. टायर कंपनीतून आलेलेच, २७५/६५ आर १८, ११६ टी. नक्षी ४/३२ इंच उरली आहे. मागे पंचवीस फुटी कॅम्पर (राहायची सोय असलेला ट्रेलर) ओढतो, त्याचं कागदावरचं कोरडं वजन ५,२०० पौंड. वर्षाकाठी चौदा हजार मैल होतात, त्यातले तीनेक हजार ट्रेलरसकट. उरलेले ऑफिस, पोरांचं क्रिकेट आणि इंडियन ग्रोसरी.

मागच्या सप्टेंबरात मोआबला निघालो होतो. आय-७० वर आयझेनहॉवर बोगदा संपला की सिल्व्हरथॉर्नपर्यंत जो उतार लागतो, तिथे शेजारून अठराचाकी ट्रक गेला की आमचा कॅम्पर शेपूट हलवायचा. एकदा तर इतका हलला की बायकोने हातातला मोबाईल खाली ठेवला. तिला ओळखणाऱ्यांना कळेल की प्रकरण किती गंभीर होतं.

टायरच्या दुकानात गेलो. तिथला माणूस म्हणाला, "लोड रेंज ई घ्या, दहा प्लाय, दुसरं काही बघूच नका." ऑफिसातला मित्र म्हणतो, ई लावलेस तर गाडीची बैलगाडी होईल आणि पेट्रोल पिईल ते वेगळंच. चार टायरमागे तीनशे डॉलरच्या आसपास फरक आहे. खरंच ट्रेलर ओढणाऱ्यांनी सांगा, काय करू?

---

डिझेलदादा (ह्यूस्टन) | १२ एप्रिल, रात्री १०:१५

ई. विषय संपला.

मी दहा वर्षं बोट ओढतोय. सुरुवातीला मीही साधे पॅसेंजर टायर वापरले. जुलैत गॅल्व्हस्टनच्या रस्त्यावर मागचा डावा टायर सोलला गेला, केळ्याची साल निघावी तशी वरची पट्टी निघाली. मडगार्ड गेलं, वायरिंग गेलं. तेव्हापासून ई, हवेचा दाब ८० पीएसआय. बैलगाडी तर बैलगाडी, बैल तरी रस्त्यात बसत नाही.

---

सायली_ओहायो | १२ एप्रिल, रात्री १०:३२

मध्येच अडाणी प्रश्न विचारते, माफ करा. लोड रेंज ई म्हणजे काय? आणि खरंच आत दहा थर असतात का?

---

तोलूनमापून (ॲन आर्बर, मिशिगन) | १२ एप्रिल, रात्री ११:०५

सायलीताई, प्रश्न अजिबात अडाणी नाही. दुकानात हाच विचारला तर निम्मे विक्रेते इकडेतिकडे बघतील.

पूर्वी टायर सुती धाग्याचे असत, तेव्हा थर मोजून ताकद सांगायचे. आता पॉलिस्टरचे दोन किंवा तीन थर आणि वर पोलादी पट्टे असतात. "दहा प्लाय" म्हणजे जुन्या दहा थरांइतकी ताकद, थर दहा नव्हेत. एलटी म्हणजे लाइट ट्रक. त्यात सी म्हणजे सहा प्लाय आणि जास्तीत जास्त ५० पीएसआय, डी म्हणजे आठ आणि ६५, ई म्हणजे दहा आणि ८०. अक्षर वाढलं की टायरमध्ये जास्त हवा मावते. भार उचलते ती हवा, रबर फक्त तिला धरून ठेवतं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

डिझेलदादा, तुमचा टायर पॅसेंजरचा होता म्हणून सोलला की हवा कमी होती म्हणून, हे तुम्ही तपासलं होतं का? वरची पट्टी सुटणं हे बहुतेक वेळा उष्णतेचं लक्षण असतं, आणि उष्णता येते ती कमी हवा, जास्त भार आणि वेग यांच्यातून.

आणि घाटउतार, तुम्ही कागदावरचं कोरडं वजन सांगितलंत. ते विसरा. त्यात पाणी नाही, गॅसचे सिलिंडर नाहीत, तुमचा कुकर नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर दोन स्टिकर आहेत, त्यांवरचे आकडे टाका. मग ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर जाऊन वजन करा. टायर त्यानंतर.

---

डिझेलदादा | १२ एप्रिल, रात्री ११:२०

हवा बहुतेक बरोबर होती. बहुतेक.

---

रिकामटेकडा | १३ एप्रिल, सकाळी ७:०२

"बहुतेक" हा शब्द कुठल्या लोड रेंजमध्ये येतो?

---

बर्फाळलेला (फोर्ट कॉलिन्स) | १३ एप्रिल, सकाळी ८:१०

घाटउतार, टोइंग नंतर बघू. ४/३२ नक्षीवर तुम्ही आत्ता आय-७० ने डोंगरात जाताय का? १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात मॉरिसन ते डॉट्सेरो पट्ट्यात ट्रॅक्शनचा (बर्फात टायरच्या पकडीचा) नियम असतो आणि नक्षी किमान ३/१६ इंच लागते. ३/१६ म्हणजे ६/३२, तुमची ४/३२. एप्रिलमध्ये व्हेल पासला किती बर्फ पडतो ते मी सांगायला नको.

तेव्हा नवीन टायर कुठलेही घ्या, बाजूला तीन शिखरं आणि आत हिमकण असं चिन्ह आहे का ते बघा. नुसत्या एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) वर जाऊ नका. त्या अक्षरांसाठी नक्षीचा आकार पुरतो, शिखरांच्या चिन्हासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागते.

---

घाटउतार | १३ एप्रिल, दुपारी १२:४५

बापरे, हे लक्षातच आलं नव्हतं. टायर येईपर्यंत डोंगर बंद.

स्टिकर वाचले. गाडीचं कमाल एकूण वजन ७,०५० पौंड. मागच्या ॲक्सलची मर्यादा ३,८००. माणसं आणि सामान मिळून १,५३८ पौंडांच्या वर नको. टायर २७५/६५ आर १८, थंड हवा ३५ पीएसआय, पुढे-मागे सारखीच.

शनिवारी ट्रेलर स्टोरेजमधून काढतो आणि काट्यावर नेतो. कधी केलं नाहीये. तिथे ट्रकवाले हसतील का?

---

तोलूनमापून | १३ एप्रिल, दुपारी १:३०

कोणी हसत नाही, त्यांना त्यांची घाई असते. काट्याला तीन वेगळ्या फळ्या असतात. पुढची चाकं पहिलीवर, मागची दुसरीवर, ट्रेलरची तिसरीवर. तीन वेळा वजन करा: वेट डिस्ट्रिब्युशनचे दांडे (ट्रेलरचा भार गाडीच्या पुढच्या चाकांवरही वाटणारे, साखळीने ताणायचे) लावून, मग दांडे सोडून, मग ट्रेलर बाजूला ठेवून नुसती गाडी. घरची सगळी मंडळी गाडीत हवीत, टाकी भरलेली हवी, आणि एरवी नेता ते सगळं सामानही हवं.

---

पिंपळगावचा_पिकअप (जि. नाशिक) | १३ एप्रिल, रात्री ९:२५ (भारतीय वेळ)

राम राम. अमेरिकेचं मला ठाऊक नाही, पण पिकअप मीही चालवतो. दोन बोलेरो आहेत, टोमॅटो आणि कांदा वाशीला नेतो. आम्ही मागे काही ओढत नाही, सगळं पाठीवरच. किती, ते विचारू नका.

आमच्याकडे ७.०० आर १५ चालतो, एलटीच. तुमच्यासारखं अक्षर कोणी बघत नाही, प्लाय विचारतात. पण एक सांगतो. कसारा घाट उतरून खाली चहाला थांबलो की मी चारही टायरना हात लावून बघतो. मागचे दोन्ही सारखे गरम असले तर ठीक. एकच जास्त तापला असला तर हवा कमी आहे नाहीतर ब्रेक चिकटलाय. तो चहा टाकून पहिलं ते बघायचं. माझ्या चुलतभावाने हसून सोडून दिलं होतं, खर्डीजवळ टायरने आवाज केला. कांदा रस्त्यावर, भाव त्या दिवशी चांगला.

दुसरं, बाजूच्या भिंतीला फुगा आला असेल तर तो टायर स्टेपनीलासुद्धा ठेवू नका. आणि बदलायचे तर जोडीने. एक नवा एक गोटा असं मागे कधीच नाही.

---

पर्थकर_पम्या (पश्चिम ऑस्ट्रेलिया) | १४ एप्रिल, सकाळी ६:५०

पिंपळगावकर, तुमच्या हात लावण्याला आमच्याकडे आकडा आहे. इथे कॅरावॅन ओढणारे चार पीएसआयचा नियम सांगतात. सकाळी थंड टायरची हवा मोजा, तासभर भारासकट चालवा, परत मोजा. चारपेक्षा जास्त वाढली असेल तर सुरुवातीलाच हवा कमी होती, टायर जास्त लवतोय आणि तापतोय. चारपेक्षा कमी वाढली तर हवा जास्त होती. एलटी टायरला सहा धरतात. शास्त्र म्हणण्याइतकं काटेकोर नाही, पण मी कालगुर्लीपर्यंत याच नियमावर जातो आणि येतो. गरम टायरमधली हवा मात्र कधीही काढायची नाही.

---

घाटउतार | १९ एप्रिल, संध्याकाळी ५:१५

काट्यावर जाऊन आलो. पोरांना ती सहल वाटली. आकडे पौंडांत:

नुसती गाडी: पुढे ३,२६०, मागे २,८२०.
ट्रेलर जोडून, दांडे सोडून: पुढे २,९२०, मागे ४,०२०, ट्रेलर ५,६२०.
ट्रेलर जोडून, दांडे लावून: पुढे ३,१६०, मागे ३,६४०, ट्रेलर ५,७६०.

आता यातून काय समजायचं? आणि एक कबुली. मागच्या सप्टेंबरात मी दांडे लावले होते, पण साखळीची एक कडी सैल ठेवून. घट्ट बसवताना हात दुखतो म्हणून.

---

तोलूनमापून | १९ एप्रिल, रात्री ८:४०

शाब्बास. आता गणित करू, लांबेल थोडं.

नुसती गाडी ६,०८०. दांड्यांशिवाय ट्रेलर जोडल्यावर गाडीच्या चाकांवर ६,९४०. म्हणजे हिचवर, गाडीला ट्रेलर जिथे जोडतो तिथे, ८६० पौंड पडतात. ट्रेलरचं खरं वजन ५,६२० अधिक ८६०, म्हणजे ६,४८०. कागदावरच्या ५,२०० पेक्षा १,२८० ने जास्त. हिचवरचा भार सव्वातेरा टक्के आला. दहा ते पंधरामध्ये हवा असतो, तेव्हा ट्रेलरमधलं सामान नीट लावलेलं आहे.

आता दांडे नसतानाचा मागचा ॲक्सल बघा: ४,०२०. मर्यादा ३,८००. दोनशे वीस पौंडांनी जास्त. आणि पुढची चाकं ३४० ने हलकी झालीत. ज्या चाकांनी गाडी वळते तीच वर उचलली गेली तर मागचं शेपूट हलणारच. दांडे नीट लावल्यावर पुढे २४० परत आले, मागे ३,६४० राहिले. सगळं मर्यादेत. तुमची सप्टेंबरातली सैल कडी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी होती.

आता टायर. मागच्या एका टायरवर १,८२० पौंड येतात. तुमच्या आत्ताच्या टायरचा भाराचा निर्देशांक ११६, म्हणजे १,२५० किलो, म्हणजे २,७५६ पौंड. पण पॅसेंजर वर्गाचा टायर पिकअपला लावला की त्याची क्षमता १.१ ने भागायची असा अमेरिकेतला नियम आहे, कारण पिकअपवर टायरला जास्त मार बसतो. भागून आले २,५०५. एका टायरमागे जवळपास सातशे पौंड शिल्लक. दोन टायर मिळून ५,०१० आणि ॲक्सलची मर्यादा ३,८००.

म्हणजे साधा टायरसुद्धा भाराला पुरून उरतो. ई लावून तुमची क्षमता एका पौंडानेही वाढणार नाही, कारण अडतंय ते स्प्रिंग, ॲक्सल आणि माणसं-सामानाच्या त्या १,५३८ पाशी. त्यातले १,२८८ आत्ताच वापरून झालेत: दांडे लावून गाडीच्या चाकांवर ६,८००, कमाल ७,०५०, म्हणजे २५० च उरले. ई लावल्यावर लोकांना वाटतं गाडी जास्त उचलेल, आणि मग ते मागे जनरेटर टाकतात.

---

डिझेलदादा | १९ एप्रिल, रात्री ९:१०

गणित मान्य. पण भिंतीचा कडकपणा गणितात येत नाही. साध्या टायरची भिंत मऊ असते, वारा आला की गाडी टायरवरच डुलते. आणि मोआबला जाऊन हा माणूस डांबरावरच राहणार आहे का? तिथल्या धारदार दगडांवर साधी भिंत एकदा कापली की पंक्चरवालाही हात लावणार नाही. भिंतीला पॅच नसतो.

---

तोलूनमापून | १९ एप्रिल, रात्री ९:२५

हे दोन्ही मुद्दे खरे आहेत आणि एलटी घेण्याची खरी कारणं हीच आहेत. भार हे कारण नाही, एवढंच म्हणणं.

---

जुनाखोड (एडिसन, न्यू जर्सी) | २० एप्रिल, सकाळी ९:००

तरुण मंडळींना आठवणार नाही. २००० सालच्या ऑगस्टमध्ये फायरस्टोनने ६५ लाख टायर परत बोलावले होते, त्यातले पुष्कळ फोर्ड एक्सप्लोररवर होते. पट्टी सुटायची आणि गाडी उलटायची. माझ्याकडे तेव्हा तीच गाडी. रोज ऑफिसला जाताना देवाचं नाव घ्यायचो. फोर्डने त्या गाडीला २६ पीएसआय सांगितले होते आणि टायर कंपनीने बोट त्याकडे दाखवलं, फोर्डने टायरकडे. काँग्रेसपुढे सुनावण्या झाल्या, टीव्हीवर रोज तेच.

त्यातून त्याच वर्षी कायदा झाला, आणि आज तुमच्या डॅशबोर्डवर हवेचा जो पिवळा दिवा लागतो तो त्या कायद्याचं पोर. पण तो दिवा हवा पाव हिस्सा उतरल्यावर लागतो, हे किती जणांना माहीत आहे? दिवा लागला नाही म्हणजे हवा बरोबर, असं समजू नका. साधा काट्याचा गेज घ्या, दर पंधरा दिवसांनी मोजा. थंडीत तर जास्तच, दर दहा अंश फॅरनहाइटला एक पीएसआय जातो.

---

घाटउतार | २० एप्रिल, सकाळी १०:२०

काका, हे जबरदस्त. म्हणजे माझा दिवा २६ ला लागणार. आणि एलटी घेतले तर हवा किती ठेवायची? दरवाज्यावर तर ३५ च लिहिलंय.

---

तोलूनमापून | २० एप्रिल, सकाळी ११:००

इथेच लोक चुकतात. एलटी टायर घेतला आणि हवा ३५ च ठेवली तर तो तुमच्या जुन्या टायरपेक्षा कमी भार उचलतो. जाड भिंतीला जास्त हवा लागते. नव्या टायरची क्षमता जुन्याइतकी, म्हणजे २,५०५ पौंड, होईल इतकी हवा हवी. याच मापाचा एलटी सी वर्गात येतो, निर्देशांक ११३, म्हणजे ५० पीएसआयला १,१५० किलो. पौंडांत २,५३५. तेव्हा तुमच्यासाठी ५० हा आकडा. ई असला तरी तोच. ८० ची गरज नाही. एफ-१५० वर रिकाम्या गाडीत ८० भरून फिरलात तर नक्षी मध्येच झिजेल, ओल्या रस्त्यावर पकड जाईल आणि मणक्याच्या डॉक्टरशी ओळख होईल.

आणि दिव्याचं: टायर ५० वर आणि दिवा २६ वर, तर निम्मी हवा गेल्यावर कळणार. ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकाच्या खाचेला) जोडायचं उपकरण आणि फोरस्कॅन नावाचं सॉफ्टवेअर असतं, त्यातून तो आकडा बदलता येतो. नाहीतर ते करून देणारा माणूस शोधा.

---

डिझेलदादा | २० एप्रिल, सकाळी ११:१५

मी रिकामी असताना ४५ वर ठेवतो, ओढताना ६५. ८० हे रागाच्या भरात लिहिलं होतं.

---

बर्फाळलेला | २० एप्रिल, दुपारी २:३०

सगळे पिकअपबद्दल बोलतायत. घाटउतार, ट्रेलरचे टायर कधीचे आहेत? बाजूला डीओटी नंतर लांबलचक आकडा असतो, त्यातले शेवटचे चार वाचा. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. बाहेरच्या बाजूला दिसत नसेल तर आतल्या बाजूला असतो, ट्रेलरखाली झोपावं लागेल.

---

घाटउतार | २० एप्रिल, संध्याकाळी ६:०५

झोपलो. ४११७. म्हणजे २०१७ चा एकेचाळिसावा आठवडा. गाडीपेक्षा म्हातारे! भिंतीवर केसासारख्या भेगा आहेत, आणि उजव्या मागच्याला आतून सुपारीएवढा फुगा. नक्षी मात्र नव्यासारखी, म्हणून कधी शंकाच आली नाही. ट्रेलर सेकंडहँड घेतला तेव्हा विकणारा म्हणाला होता, "टायर एकदम छान."

---

पिंपळगावचा_पिकअप | २१ एप्रिल, सकाळी ७:४०

फुगा! मी काय म्हणालो होतो. दादा, ती गाडी हलवू नका आता.

---

पर्थकर_पम्या | २१ एप्रिल, सकाळी ८:१५

ट्रेलरचे टायर झिजून मरत नाहीत, वय होऊन मरतात. वर्षातले दहा महिने एका जागी उन्हात उभे, मग अचानक सगळा भार. माप काय आहे?

---

घाटउतार | २१ एप्रिल, सकाळी ८:५०

एसटी (ट्रेलरचा खास टायर) २०५/७५ आर १४, लोड रेंज सी.

---

तोलूनमापून | २१ एप्रिल, सकाळी ९:३०

त्याची क्षमता ५० पीएसआयला १,७६० पौंड. तुमच्या ट्रेलरच्या चाकांवर ५,७६०, म्हणजे एका टायरला सरासरी १,४४०. सरासरी म्हणतो, कारण फ्रिज आणि स्वयंपाकघर एका बाजूला असतं, तिथला टायर जास्त सोसतो. याच मापात डी वर्ग मिळतो, ६५ ला २,०४०. इथे मात्र मी सरळ डी म्हणेन. रिमवर ६५ चालतात का ते रिमच्या मागे कोरलेलं असतं, ते बघा, आणि व्हॉल्व्ह धातूचे बसवून घ्या. वेगाचं अक्षरही वाचा. जुने एसटी टायर ताशी ६५ मैलांसाठी धरलेले असत. युटामध्ये ८० ची पाटी असते म्हणून ट्रेलरसकट ८० ने जायचं नसतं.

पिकअपवर तुम्ही साधे घ्या, सी घ्या, ई घ्या, मी वाद घालणार नाही. ट्रेलरचे चार आधी बदला.

---

सायली_ओहायो | २१ एप्रिल, सकाळी १०:१०

आमच्याकडे ट्रेलर नाही, ट्रक नाही, कोरोला आहे. तरी खाली जाऊन डीओटी आकडा वाचून आले. स्टेपनीचा २०११ चा निघाला. धन्यवाद, वाचनखूण साठवली.

---

रिकामटेकडा | २१ एप्रिल, सकाळी १०:३०

नवऱ्याचाही आठवडा-वर्ष असा आकडा कुठे कोरलेला असता तर...

---

घाटउतार | ४ मे, रात्री १०:००

निकाल देतो. ट्रेलरला चार नवे डी. पिकअपला एलटी, पण सी. ऑल-टेरेन, शिखरांचं चिन्ह असलेले. दुकानदार नाराज झाला. त्याच्याकडे ई पडून होते, सी मागवावे लागले, आठ दिवस गेले. साधे का नाही? कारण कॅम्पग्राउंडपर्यंतचे शेवटचे पाच-दहा मैल आमचे नेहमीच खडीचे असतात. ई का नाही? कारण प्रत्येक टायर साध्यापेक्षा दहा-पंधरा पौंड जड, आणि मी वर्षातले अकरा हजार मैल क्रिकेट आणि ग्रोसरी ओढतो.

बसवून झाल्यावर नट १५० फूट-पौंडला घट्ट केलेत ना, असं विचारलं तर पोरगा म्हणाला "हो हो". शंभर मैलांनी घरी टॉर्क पाना लावला. मागच्या डाव्या चाकाचे दोन नट पाऊण फेरा फिरले. दुकानाचं नाव घेत नाही, पण टॉर्क पाना सगळ्यांनी घ्या.

---

डिझेलदादा | ४ मे, रात्री १०:२०

सी! ना धड इकडे ना धड तिकडे. बरं, अभिनंदन. मोआबचा वृत्तांत टाका.

---

घाटउतार | ९ जून, रात्री ८:३०

मोआबला जाऊन आलो. दांड्याची कडी यावेळी घट्ट, पिकअपला ५०, ट्रेलरला ६५, सकाळी घरीच मोजून. पर्थकरांचा नियम लावला: फ्रिस्कोला थांबून मोजलं तेव्हा पाच वाढली होती, म्हणजे सहाच्या आत. कसाऱ्यासारखा हातही लावून पाहिला. पेट्रोल पंपावर एक बाई मी काय करतोय ते बराच वेळ बघत होती.

बोगद्यानंतरच्या उतारावर तीन अठराचाकी शेजारून गेले. कॅम्पर जागचा हलला नाही म्हणणार नाही, पण ते शेपूट हलवणं गेलं. फ्रूटाच्या पुढे आडवा वारा लागला तिथे मात्र थोडं डुललं, ५५ वर आणलं वेगाला. बायकोने मोबाईल खाली ठेवला नाही.

श्रेय टायरचं किती आणि कडीचं किती, प्रामाणिकपणे सांगता येणार नाही, दोन्ही एकदमच बदललं. माझा अंदाज, जास्त कडीचं. रिकाम्या गाडीचं मायलेज साडेएकोणीसवरून अठरा-सव्वाअठरावर आलंय. रस्त्यावरचे सांधे पूर्वीपेक्षा जाणवतात, पोरं मागे म्हणतात "बाबा, स्पीड ब्रेकर होता का?"

---

तोलूनमापून | ९ जून, रात्री ९:०५

छान. स्टेपनी तीच जुनी आहे का? पिकअपखाली लटकते म्हणून कोणी बघत नाही.

---

घाटउतार | ९ जून, रात्री ९:१२

...बघतो.

---

पिंपळगावचा_पिकअप | १० जून, सकाळी ७:०५

जुन्या टायरचं काय केलंत? आमच्याकडे रिमोल्डवाला घेऊन जातो.

---

घाटउतार | १० जून, सकाळी ८:२०

इथे दुकानदार पैसे घेऊन विल्हेवाट लावतो. एक मागून आणला आणि अंगणातल्या झाडाला झोका बांधला. एचओएचं (कॉलनीच्या सोसायटीचं) पत्र यायची वाट बघतोय.